दोन दिवसांची बाई आणि आपला गट

लग्नसराई तोंडावर आली आहे. आपल्या बऱ्याच गटांकडे वरण-बट्टीच्या ऑर्डरी यायला लागल्या असतील. थंडी आहे, म्हणजे भरीत पार्ट्याही आल्याच. काही गट मांडे करून देतात, काही जणी हायवेच्या ढाब्यांना भाकऱ्या पुरवतात. आज मी स्वयंपाकाबद्दल बोलणार नाही. त्या स्वयंपाकाला हाताखाली म्हणून आपण ज्या बाया बाहेरून बोलावतो, त्यांच्याबद्दल बोलणार आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आणि ती माझ्याच गटाची आहे. चारशे ताटांची लग्नाची ऑर्डर होती. आम्ही सात जणी गेलो आणि गावातल्या पाच बाया रोजाने बरोबर घेतल्या. मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात भट्टी विटांवर टेकवलेली होती. बट्ट्या तळताना एक वीट सरकली, कढई कलंडली, आणि एका ताईच्या हातावर-पायावर उकळतं तेल पडलं. आम्ही काय केलं, तर टूथपेस्ट लावली. ते करायला नको होतं. भाजल्यावर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडायचं असतं, दुसरं काही चोळायचं नसतं. हे मला नंतर कळलं. मग टेम्पोत घालून तिला तालुक्याला नेलं.

दवाखान्याचं बिल चौदा हजार झालं. आठवड्याने तिचा नवरा गटाच्या बैठकीत येऊन बसला. भांडला नाही, फक्त विचारलं, हे कोण देणार? आमच्यातली एक जण बोलून गेली, "ती काय आपली नोकर आहे का? दोन दिवसांची बाई." मग त्याने दुसरा प्रश्न विचारला, त्या दिवसाची मजुरी तरी किती? आम्ही म्हणालो तीनशे. तो म्हणाला, तिला साडेतीनशे सांगितले होते. कोणी सांगितले, कधी सांगितले, किती वाजेपर्यंतचे, काहीच कुठे लिहिलेलं नव्हतं. आमच्या कपाटात त्या दिवशी सहा वह्या होत्या. बचतीची, कर्जाची, इतिवृत्ताची, सगळ्या. दहा रुपये उशीर झाल्याचा दंडसुद्धा त्यात लिहिलेला होता. त्या पाच बायांचं नाव मात्र एकाही वहीत नव्हतं.

बिल शेवटी आम्ही वाटून भरलं. दोन जणी त्यावरून गट सोडून गेल्या. ती ताई वर्षभर माझ्याशी बोलली नाही.

नंतर मी कामगार कार्यालयात गेले, एका वकील बाईंना भेटले, आणि हाती आलं ते वाचत गेले. पहिली गोष्ट कळली ती ही की कायद्यात "दोन दिवसांची बाई" असा प्रकारच नाही. मजुरी ठरवून काम सांगितलं की ती कामगार, मग करार लेखी असो की नुसता ओट्यावर उभं राहून तोंडी झालेला असो. ती कामगार झाली की दुसऱ्या बाजूला कोणीतरी मालक असतोच. त्या दिवशी तो मालक आमचा गट होता. आम्ही स्वतःला गरीब बायांचा गट समजत होतो, मालक हा शब्द आपल्याला कधी लागेल असं वाटलंच नव्हतं.

काही जणी म्हणतील, आम्ही रोज देत नाही, नगावर देतो. शेकडा पोळ्यांचे इतके, खापरावरच्या एका मांड्याचे इतके. मग ती कामगार कशी? हाच वाद नागपूरच्या एका विडी कारखान्यात झाला होता. कामगारांनी रजेच्या दिवसांचा पगार मागितला. मालकाचं म्हणणं, ही माणसं मनाला येईल तेव्हा येतात, हवं तेव्हा जातात, विड्यांच्या मोजणीवर पैसे घेतात, हे माझे कामगारच नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६० साली निकाल लागला की ते कामगारच आहेत. न्यायालयाने काय पाहिलं? विड्या कारखान्यातच बसून वळायच्या, घरी नाही. हजेरी लागायची. दुपारनंतर आलेल्याला काम मिळायचं नाही. आणि विडी नीट नसेल तर ती बाजूला काढायचा हक्क मालकाचा. आता आपली भट्टी डोळ्यासमोर आणा. करपलेली पोळी बाजूला कोण काढतं? दहा वाजेच्या आत या, असं कोण सांगतं? त्याच काळात सिन्नरच्या एका विडी कामगाराचं प्रकरण मात्र उलटं लागलं, कारण त्याच्यावर मालकाचं तसं नियंत्रण न्यायालयाला दिसलं नाही. म्हणजे पैसे नगावर की रोजावर, यापेक्षा काम कोणाच्या सांगण्यावरून, कोणाच्या जागेत, कोणाच्या देखरेखीखाली झालं, हे बघतात. एखादी ताई स्वतःच्या घरी, स्वतःच्या पिठाचे, स्वतःच्या वेळेने पापड करून आपल्याला विकते, ती वेगळी. आपल्या भट्टीवर आलेली बाई वेगळी.

आणि गटातल्या सभासद? जी नफ्यातला वाटा घेते ती भागीदार. जी ठरलेली मजुरी घेते, ती त्या कामापुरती कामगार. एकच बाई दोन्ही असू शकते आणि भांडणं नेमकी तिथेच होतात, कारण ऑर्डर तोट्यात गेली की प्रत्येकीला आपण मजूर होतो असं आठवतं. ऑर्डर घेतानाच ठराव लिहा की या कामात सभासद वाट्यावर आहेत की मजुरीवर.

आता पैशांकडे येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यातली आपल्या रोजच्या कामाची म्हणजे वेतन संहिता. किमान वेतन, वेळेवर वेतन आणि बाई-पुरुष समान वेतन यांचे जुने कायदे तिच्यात एकत्र केले आहेत. किमान वेतनाचा आकडा मी मुद्दाम सांगत नाही. तो भागानुसार आणि कामाच्या कौशल्यानुसार वेगळा असतो, आणि महागाईप्रमाणे त्यातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो. आज सांगितलेला आकडा तुम्ही मासिकातून कापून भिंतीला चिकटवाल आणि सहा महिन्यांत तो चुकीचा होईल. जळगाव आणि धुळे, दोन्ही ठिकाणी कामगार खात्याचं कार्यालय आहे. तिथे जाऊन "हॉटेल-उपाहारगृहाचे चालू दर" असं विचारा आणि तारखेसह लिहून आणा. तिथे जायला घाबरू नका. मी गेले तेव्हा मला वाटलं, आता मलाच धरतील. त्यांनी खुर्ची दिली आणि कागद दिला.

मजुरी कधी द्यायची? रोजंदारी ठरली असेल तर कामाची पाळी संपताच. आठवड्याची असेल तर सुटीच्या दिवसाआधी. महिन्याची असेल तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. आपल्याकडे काय चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. लग्नवाल्याने बिल दिलं नाही, म्हणून आपण बायांना थांबवून ठेवतो. पंधरा दिवस, कधी महिना. रस्त्यात भेटली की ती बिचारी विचारते, "ताई, मना पैसा कव्हय भेटतीन?" आणि आपण म्हणतो, अगं, आमचेच आले नाहीत. हे कायद्यात चालत नाही. लग्नवाल्याशी व्यवहार आपला आहे, तिचा नाही. आमच्या गटाने यावर साधा उपाय काढला. इसार घेताना निदान मजुरीएवढी रक्कम आधी घ्यायचीच. समजा सहा बाया दोन दिवस लागणार आणि रोज पाचशे ठरला, तर सहा हजार. तेवढा इसार आल्याशिवाय आम्ही तारीख पक्की करत नाही, आणि ते सहा हजार वेगळ्या पाकिटात राहतात. त्यातून किराणा आणायचा नाही. पहिल्या वर्षी यामुळे दोन ऑर्डरी हातच्या गेल्या, हेही सांगते.

तासांचं तसंच. ठरलेल्या दिवसाच्या कामापेक्षा जास्त वेळ थांबवलं, तर त्या जास्तीच्या तासांची मजुरी दुप्पट दराने. वरात उशिरा आली, पंगती रात्री अकरापर्यंत चालल्या, हा तिचा दोष नाही. म्हणून लग्नवाल्याला दर सांगताना पंगत उशिरा बसली तर तासाला जास्तीचे इतके, हे आधीच लिहून घ्या. तो कुरकुर करेल. मांडववाला आणि बँडवाला हेच करतात, त्यांना तो देतो.

वाढपी पोराला पाचशे आणि ताटं धुणाऱ्या-वाढणाऱ्या बाईला तीनशे, हेही मी आपल्याच गटांत पाहिलं आहे. बायांचा गट, मालक बाया, आणि बाईला कमी. काम सारखं असेल तर दर सारखा, हा नियम १९७६ पासूनचा आहे आणि नव्या संहितेतही आहे. आचारी कुशल आहे म्हणून त्याला जास्त देता, ते ठीक. पण मग खापरावर मांडा टाकणारी बाई अकुशल कशी, हे मला कोणी सांगावं. हातभर लांबीचा मांडा न फाटता खापरावर टाकून दाखवा आणि मग बोला.

कपातीबद्दल एक सांगते, कारण त्यावरून फार वाईट होतं. ऑर्डरीत दहा ताटं, वीस चमचे हरवले, की आपण सगळ्यांच्या मजुरीतून पन्नास-पन्नास कापतो. असं सरसकट कापता येत नाही. वस्तू जिच्या ताब्यात दिली होती, तिच्याच हलगर्जीपणाने ती गेली असेल, आणि तिला आधी बाजू मांडू दिली असेल, तरच कापता येतं. सगळ्या प्रकारच्या कपाती मिळूनही मजुरीच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. चमचे मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे, हे कापण्यापेक्षा सोपं आहे.

आता ज्याने माझी झोप गेली होती ते. मजुरी मिळाली नाही किंवा कमी मिळाली अशी तक्रार झाली, तर पैसे दिले होते हे सिद्ध करायची जबाबदारी देणाऱ्याची असते. तिने काही सिद्ध करायचं नाही, आपण करायचं. तक्रार तीन वर्षांपर्यंत करता येते. राहिलेल्या मजुरीशिवाय दहा पटीपर्यंत भरपाई लावण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे, आणि कमी मजुरीबद्दल पन्नास हजारांपर्यंत दंड वेगळा. तुम्ही खरंच पूर्ण पैसे दिले असतील, प्रेमाने साडीही दिली असेल, पण सही नसेल तर तुमच्या बाजूने बोलायला काहीच नाही. आणि गट ही वेगळी नोंदणी केलेली संस्था नसेल, तर "गट" म्हणून पुढे कोण येणार? अध्यक्ष आणि सचिव, स्वतःच्या नावाने.

इजेचं तत्त्व तर १९२३ पासून चालत आलेलं आहे. कामावर असताना आणि कामामुळे इजा झाली, तर भरपाई कामावर ठेवणाऱ्याने द्यायची. इलाजाचा खरा झालेला खर्च, आणि काम करता येत नाही त्या काळासाठी दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीच्या २५ टक्के. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर रक्कम लाखांत जाते. त्या ताईला आम्ही बिल दिलं, पण घरी बसून राहिलेल्या दीड महिन्याचं काहीच दिलं नाही. कापूस वेचणीचे दिवस होते, तिची वेचणी गेली. ते आमच्याकडे निघत होतं, हे मला वर्षभराने कळलं. तेव्हा बैठकीत मांडलं, आणि ते पैसे आम्ही दोन हप्त्यांत दिले.

विमा कंपन्यांकडे कामगार भरपाईची पॉलिसी मिळते, ती मोठ्या ऑर्डरी घेणाऱ्या गटांनी जरूर विचारावी. बँकेतली वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना प्रत्येक सभासदाने आणि बोलावलेल्या प्रत्येक बाईने घेतलेली असावी. १८ ते ७० वयाला ती मिळते. पण गैरसमज नको. ती अपघाती मृत्यू आणि अपंगत्वासाठी आहे, भाजल्यावरच्या दवाखान्याचं बिल तिच्यातून मिळत नाही, आणि ती आहे म्हणून गटाची जबाबदारी संपत नाही. आणखी एक, ऑर्डरीला घरातला १४.२ किलोचा सिलिंडर नेऊ नका. व्यवसायाचा १९ किलोचा वेगळा मिळतो. घरगुती सिलिंडर धंद्यावर पेटला, तर विमेवाला पहिला हात तिथेच वर करतो.

ज्यांचं कायमचं कॅन्टीन किंवा खाणावळ आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. थोडे कामगार असतील तर दुकाने आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, ती देऊन पावती ठेवा. दहा कामगार झाले की राज्य विमा, म्हणजे ईएसआय, आणि वीस झाले की भविष्य निधी, हे दोन प्रश्न उभे राहतात. तेव्हा माणूस गाठून नीट करून घ्या, नऊवर थांबवण्यासाठी दहावीचं नाव लपवू नका.

रात्रीचा प्रश्न मात्र सगळ्यांचा आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्यात मोठ्या आस्थापनांसाठी नियम आहे की रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीने आणि सुरक्षेची सोय करूनच काम सांगायचं. आपला गट छोटा असला तरी रात्री बाराला टेम्पोतून परतणारी बाई तीच असते. टेम्पोत कोण कोण बसलं, तिला दारापर्यंत सोडलं का, हे बघायला एक सभासद नेमा. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात रोजंदार बाईही येते, आणि मालकाने पुरवलेली गाडीसुद्धा कामाची जागाच धरली जाते. आचाऱ्याने हात धरला, लग्नातल्या पाहुण्याने त्रास दिला, तर "एका दिवसाचं आहे, जाऊ दे" म्हणू नका. दहापेक्षा कमी कामगार असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत करता येते.

आणि पोरं आणू नका. "माझी पोरगी चमचे पुसेल, शाळेला सुटी आहे" हे ऐकून मी थकले. ढाबे आणि हॉटेलांत मुलांना कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कोणत्याच कामावर ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मदत करायची सूट आहे, पण गट म्हणजे आपलं घर नव्हे. शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतची कैद, किंवा वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही.

मग करायचं काय? आम्ही एक दोनशे पानी वही केली आहे, एवढंच. ऑर्डरची तारीख आणि ठिकाण वर. खाली प्रत्येकीचं नाव, वय, काम कोणतं, रोज किती ठरला. आल्याची वेळ आणि गेल्याची वेळ. जास्तीचे तास. दिलेले पैसे, तारीख, सही. ठरलेला रोज निघायच्या आधी मोठ्याने वाचून दाखवायचा, म्हणजे तीनशे की साडेतीनशे हा वाद राहत नाही. एका कागदावर तेच लिहून तिच्या हातात द्यायचं. वेतनपावती देणं मालकाचं काम आहे आणि ती छापीलच हवी असं नाही. शक्य असेल तिथे पैसे खात्यावर किंवा फोनवरून पाठवा, त्याची नोंद आपोआप राहते. फक्त ते तिच्याच खात्यावर जाऊ द्या, नवऱ्याच्या नाही.

गेल्या वेळी हे सांगितल्यावर काही प्रश्न आले होते. शिरपूरकडच्या एका ताईंनी विचारलं, आम्ही ठेकेदारामार्फत हॉटेलात भांडी घासायला जातो, ठेकेदार पैसे न देता गेला तर? ठेकेदाराने दिले नाहीत तर ज्या हॉटेलात काम केलं त्या मालकावर ती जबाबदारी येते. म्हणून कोणत्या हॉटेलात, किती दिवस, हे तुम्हीही तुमच्याकडे लिहून ठेवा.

दुसऱ्या ताईंनी विचारलं, वही लिहिल्यावर बाया घाबरतात, आम्हाला कशात अडकवता म्हणतात. खरं आहे, आमच्याकडेही पहिल्यांदा दोन जणी सही न करता निघून गेल्या होत्या. पुढच्या ऑर्डरीला पैसे सगळ्यांसमोर वहीतून वाचून वाटले, तेव्हा त्या थांबल्या.

आणि अंगठा चालतो का, असं तिसरा प्रश्न होता. चालतो. अंगठ्याखाली तिचं नाव लिहायचं, रक्कम तिला वाचून दाखवली असं लिहायचं, आणि बाजूला साक्षीदार म्हणून आपल्या सभासदाची नाही, तिच्याबरोबर कामाला आलेल्या दुसऱ्या बाईची सही घ्यायची.